बासेलमार्गे हुबळी-धारवाड

जन्म एका देशात, शिक्षण दुसऱ्या देशात आणि नोकरी तिसऱ्याच मुलुखात, असे आयुष्य जगलेली माणसे हुबळी-धारवाडने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाहिली. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला ज्यांचे नाव आहे, ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्याआधी साठांहून अधिक वर्षे, म्हणजे १८३९ पासून, हुबळीत बासेल मिशनचे ठाणे होते. तेथे काम करणारे बहुतेक जण जर्मन होते. त्यांचे शिक्षण मात्र स्वित्झर्लंडमध्ये झाले होते.

बासेल मिशनची स्थापना १८१५ मध्ये झाली. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमेला लागून असलेल्या बासेल शहरातील या संस्थेत मुख्यतः दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यातून विद्यार्थी येत. बरेच जण शेतकरी आणि कारागिरांच्या घरांतले होते. काही वर्षांच्या शिक्षणात धर्मशास्त्राबरोबर प्राचीन भाषा आणि इंग्रजी शिकवली जाई. कोणाला कोठे पाठवायचे हे मिशनची समिती ठरवी. लग्नासाठीही तिची परवानगी लागे. संस्थेचे सुरुवातीचे विद्यार्थी इंग्रज आणि डच मिशनांकडे कामाला गेले.

१८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखात येण्याची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी हेबिख, लेनर आणि ग्राइनर हे तिघे मंगळूरला पोहोचले. १८३७ मध्ये धारवाड, १८३९ मध्ये हुबळी आणि १८४१ मध्ये बेटगेरी येथे ठाणी उघडली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होईपर्यंत युरोपातून इकडे येण्यासाठी आफ्रिकेला वळसा घालावा लागे किंवा इजिप्त खुष्कीच्या मार्गाने ओलांडावा लागे.

धारवाड भागाला मिशनच्या दप्तरात ‘दक्षिण मराठा’ प्रदेश म्हटले जाई. पेशवाईनंतर हा भाग मुंबई इलाख्यात आला. सुरुवातीला इथल्या सरकारी कामकाजात आणि शाळांत मराठीचा वरचष्मा होता, घराघरांत आणि शेताशिवारात मात्र बहुतांशी कन्नड बोलली जाई. मिशनऱ्यांना लोकांशी थेट बोलायचे होते, म्हणून त्यांनी कन्नडचा अभ्यास मनापासून केला.

या अभ्यासातून मोठे काम उभे राहिले. व्युर्टेंबर्गमध्ये जन्मलेले हेर्मान म्योग्लिंग ट्युबिंगेन आणि बासेल येथे शिकून १८३६ मध्ये भारतात आले. १८४३ मध्ये त्यांनी मंगळूरहून ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधील पहिले वृत्तपत्र काढले. उत्तर जर्मनीच्या पूर्व फ्रिसलंडमध्ये १८३२ साली जन्मलेले फर्डिनांड किटेल १८५० मध्ये बासेलला दाखल झाले आणि १८५३ मध्ये भारतात आले. त्यांनी केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ हे जुने व्याकरण संपादित केले. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये मंगळूरला छापला गेला. त्यात सुमारे ७० हजार शब्द आहेत आणि अनेक शब्दांपुढे मराठीशी असलेला संबंधही नोंदवला आहे. कन्नड आणि मराठी यांची देवाणघेवाण अभ्यासणाऱ्याला तो आजही उपयोगी पडतो.

ही वाट केवळ जर्मनांची नव्हती. कादंबरीकार हेर्मान हेसे यांचे वडील योहानेस हेसे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील एस्टोनियात जन्मले, बासेलला शिकले आणि १८६९ मध्ये भारतात आले. प्रकृतीमुळे त्यांना चार वर्षांतच परतावे लागले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी जर्मन मिशनरी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करून पुढे मायदेशी पाठवण्यात आले. मिशनचे कौलांचे आणि विणकामाचे कारखाने युद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. बासेलहून येणाऱ्या जर्मनांची जुनी परंपरा तेथे खंडित झाली.

किटेल यांचे १९०३ मध्ये ट्युबिंगेनला निधन झाले. त्यांच्या कोशाची सुधारित आवृत्ती १९६८ ते १९७१ या काळात मद्रास विद्यापीठाने चार खंडांत काढली आणि धारवाडमधील एक महाविद्यालय आजही त्यांच्या नावाने चालते. ही माणसे आली होती धर्मप्रसारासाठी; पण त्यांच्या कामाचे सर्वांत टिकाऊ फळ कन्नड भाषेच्या पदरात पडले.