तलवार राहिली, म्यान गेलं

अमेरिकेत काही लोकांना एक जोडछंद असतो. जुन्या लिव्हरच्या रायफली जमवायच्या आणि त्यांच्या जोडीला घरच्या घरी चामड्याची होल्स्टरं शिवायची. लिव्हरची रायफल म्हणजे काय, हे नाव सांगून कळणार नाही, पण काउबॉयचा एखादा सिनेमा पाहिला असेल तर लगेच डोळ्यांसमोर येईल. चापाखाली एक कडी असते, ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. खटॅक खटॅक. बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये तिचं पेटंट घेतलं, पुढे विंचेस्टर कंपनीने १८६६ आणि १८७३ साली तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या आणि ती जगभर गेली. १८७३ च्या विंचेस्टरचं काडतूस कोल्टच्या काही पिस्तुलांनाही चालायचं, म्हणजे कमरेला एकच पट्टा पुरे. रायफल घोड्याच्या जिनाला लावलेल्या लांब चामडी खोळीत, पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये.

हे सगळं वाचताना मनात आलं, आपल्या नगर जिल्ह्यात असा छंद असलेला माणूस सापडेल का? नाही सापडायचा. पण "का नाही" याचं उत्तर शोधायला बसलो आणि गाडी भलत्याच रुळावर गेली. तेच आज लिहितोय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हे स्पष्ट करू की नगरला शस्त्रांचं वावडं कधीच नव्हतं. उलट हे गावच शस्त्रांवर वाढलेलं. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ आपण शाळेच्या सहलीत पाहतो, ती ओतली गेली १५४९ साली अहमदनगरात, निजामशाहीसाठी. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. वजन पन्नास टनांच्या पुढे! शहरात आजही तोफखाना नावाचा भाग आहे. रोज रिक्षावाल्याला "तोफखाना" सांगणार्‍यांपैकी किती जणांच्या मनात तोफ येत असेल? (माझ्याही येत नाही, भाजी येते.) ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणार्‍या वेलिंग्टनने, आधी ८ तारखेला पेठ आणि मग १२ तारखेला भुईकोट किल्ला घेतला. पुढे याच गावात बोअर युद्धातले कैदी आणून ठेवले, १९४२ ते ४५ नेहरू आणि मंडळी इथल्या किल्ल्यात होती, आणि १९४८ पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण लष्कराचं गाव ही ओळख तीच राहिली.

मग घरातली शस्त्रं गेली कुठे?

त्याचं मोठं उत्तर १८५७ नंतरच्या कायद्यांत आहे. उठावानंतर निःशस्त्रीकरण सुरू झालं आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा. युरोपीय लोकांना मात्र यातून मोकळीक! हा भेदभाव लोकांना एवढा झोंबला की काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात रंगाचा भेद नाही, पण परवाना आहेच. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालत. वारसाने आलेली बंदूकही याच दोनात मोजायची. नेमबाजीच्या खेळाडूंचे नियम वेगळे. तेव्हा दहा-वीस रायफली भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवायचा छंद आपल्याकडे जमणंच शक्य नाही. आणि खरं सांगू, मला त्याचं फार वाईटही वाटत नाही. घरात बंदूक नसल्याने झोप उडालीय असं आमच्या आळीत कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

पण लिव्हरची रायफल आपल्या मातीत आलीच नाही असं मात्र समजू नका. आली, आणि सरकारी मार्गाने आली. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिलाही चापाखाली कडी होती. फरक एवढाच की तिच्यात गोळ्यांचा साठा नसे, दर वेळी कडी खाली ओढायची, एक काडतूस हाताने घालायचं, कडी वर घ्यायची आणि उडवायची. गंमत म्हणजे हिच्या नावातला हेन्री तो अमेरिकन हेन्री नव्हेच. हा एडिंबराचा अलेक्झांडर हेन्री. एकाच काळात, दोन देशांत, दोन हेन्री आणि दोन कड्या!

या रायफलीची आपल्याशी जोडलेली गोष्ट जरा कडू आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी एक शिरस्ता पाडला होता. हिंदी शिपायाला गोर्‍या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली, त्यात इंग्रज फौजेचा मोठा पराभव झाला. त्या मैदानावर गोर्‍या ६६ व्या पलटणीच्या हातात मार्टिनी-हेन्री होती, आणि शेजारीच उभ्या असलेल्या मुंबई फौजेच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स यांच्या हातात जुनी स्नायडर. शत्रू तोच, ऊन तेच, तहान तीच. बंदूक मात्र कातडीच्या रंगाप्रमाणे. हिंदी पलटणींना मार्टिनी मिळाली ती नंतर, गोर्‍यांच्या हाती त्याहून नवी रायफल येऊ लागली तेव्हा.

आता "कातडीचा रंग" असं लिहून गेलो, तर कातड्याकडेच वळू. खरा विषय तिथे आहे.

बंदूक आणि तलवार यांचा इतिहास लिहिला जातो, कारण लोखंड टिकतं. संग्रहालयात जाऊन बघा. तलवारींच्या रांगा लागलेल्या असतात, पट्टे, कट्यारी, खंजीर, सगळं असतं. पण त्यातल्या किती पात्यांजवळ त्यांचं मूळ म्यान दिसतं? फार थोड्या. म्यान म्हणजे आत लाकडाच्या दोन पट्ट्या आणि वर चामडं किंवा मखमल. लाकडाला वाळवी लागते, चामडं तडकतं, उंदीर कुरतडतात. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेलं चामडं फार जुनं झालं आणि नीट जपलं नाही की लालसर भुकटी होऊन हाताला लागतं. लोखंडाच्या गंजासारखाच हा चामड्याचा गंज. एकदा सुरू झाला की मागे फिरवता येत नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे. म्यान किंवा होल्स्टर वापरात असताना हत्याराचं रक्षण करतं, पण हत्यार वर्षानुवर्षं त्यातच ठेवलं तर तेच त्याला खातं. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं, वर कमावण्याच्या आम्लाचा अंश. त्यामुळे जाणते संग्राहक दोन्ही वेगवेगळं ठेवतात. आणि एकदा वेगळं ठेवलं की पुढच्या पिढीला कोणतं म्यान कोणत्या पात्याचं हे कळत नाही. मग पातं काचेच्या कपाटात जातं आणि म्यान माळ्यावर.

माणसांचंही तसंच झालं असावं असं मला वाटतं. तलवार चालवणार्‍याचं नाव बखरीत आलं. ओतणार्‍या रूमीचं नाव तोफेवर कोरलेलं राहिलं. पण चामडं कमावणारे ढोर, शिवणारे चांभार, जीन बनवणारे जिनगर, पात्याला धार लावणारे शिकलगार, यांतल्या एकाही माणसाचं नाव मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं? म्हशीच्या कातड्याची ढाल, पाण्याची पखाल, घोड्याचा लगाम, काडतुसांचा पट्टा हे याच हातांचं काम. आणि लढाई नसेल तेव्हा विहिरीची मोट! आपल्या कोरडवाहू तालुक्यांत मोटेवाचून मळा भिजत नसे. ज्या हाताने म्यान शिवलं त्यानेच मोट शिवली, आणि त्याच हाताचा स्पर्श मात्र गावाला चालत नसे. त्याचं पाणी चाले, म्हणजे त्याने शिवलेल्या मोटेतून आलेलं पाणी चाले, तो पाणवठ्यावर आलेला चालत नसे. हे लिहिताना बोट अडखळतं, पण टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

जिनगर हा शब्द बघा. फारसी "जीन", म्हणजे खोगीर, आणि "गर" म्हणजे बनवणारा. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचं घोडं, स्वतःचा सरंजाम घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराला जीन, लगाम, म्यान सगळं आपल्या पैशाने करून घ्यावं लागे, म्हणजे गावोगावच्या जिनगराला काम. इंग्रजांनी हे दोन्ही शब्द जसेच्या तसे उचलले. त्यांच्या हिंदी रिसाल्यांत "सिल्लादार" पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. स्वाराने पैसे भरायचे, घोडा आणि सामान त्यातून यायचं, सरकार फक्त रायफल आणि काडतुसं देणार. म्हणजे लोखंड सरकारचं, चामडं शिपायाचं! विभागणी पुन्हा तीच.

महायुद्धानंतर ती पद्धत बंद झाली, पुढे घोडेही गेले. १८१७ साली उभा राहिलेला पूना हॉर्स हा रिसाला आज रणगाड्यांचा आहे, नावात फक्त घोडा उरलाय. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्या "फामागुस्ता" रणगाड्यात धारातीर्थी पडले तो याच रिसाल्याचा, आणि तो जपून ठेवलाय आपल्या नगरलाच. १९९४ मध्ये सुरू झालेलं इथलं रणगाडा संग्रहालय मुलांना घेऊन जरूर बघा. पन्नास-पन्नास टनांचं लोखंड रांगेत उभं आहे. चामडं शोधायला गेलात तर मात्र निराश व्हाल.

जिनगरांनी मग काय केलं? हातातली कला थोडीच जाते! कुणी पितळकामात शिरले, कुणी गणपतीच्या मूर्ती घडवू लागले, कुणी पुस्तकबांधणीत. चांभारांच्या हातातली आरी आणि रापी चपलेवर आली. अमेरिकेतला तो छंदी माणूस ज्या टाक्याचं एवढं कौतुक करतो, एकच दोरा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो, तो जिनाचा टाका. तिकडे त्याचे वर्ग चालतात, पुस्तकं निघतात. इकडे तसाच बळकट टाका घालणारा कारागीर एस.टी. स्टँडबाहेर छत्री लावून बसलेला असतो आणि आपण त्याच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. छंद आणि धंदा यांत फरक कौशल्याचा नसतो, कुणाच्या हातात ते आहे याचा असतो, असं म्हणावंसं वाटतं.

पुण्याच्या दिनकर केळकरांचं मोठेपण मला इथे जाणवतं. त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. त्यात शस्त्रं आहेत, पण लोक आठवण काढतात ती अडकित्त्यांची, दिव्यांची, वज्र्‍यांची. कुणा राजाचं नाव नसलेल्या वस्तूही जपायच्या असतात हे त्यांनी दाखवून दिलं. असा कुणी केळकर म्यानांना, पखालींना आणि मोटांना मिळायला हवा होता. अजूनही मिळू शकेल.

आता नातेवाईक मंडळींसाठी दोन शब्द, कारण तुमच्यापैकी बरेच जण हे वाचता. गावाकडचा वाडा यंदा उतरवायचा असं ठरतंय. माळ्यावर एक रिकामं म्यान आहे, तलवारीचा पत्ता नाही. "तलवार नाही तर खोळ काय कामाची" असं म्हणून ते भंगारात जाईल, म्हणून आत्ताच सांगतो. ते टाकू नका. त्याला तेल चोपडू नका, उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती कापडात सैल गुंडाळा आणि कोरड्या जागी आडवं ठेवा. फोटो काढा, लांबी-रुंदी लिहा, कुठल्या खोलीत सापडलं ते लिहा. आणि घरात सगळ्यात वयस्कर जे असतील त्यांना विचारा की गावात चामड्याचं काम कोणत्या घरात होत असे. नाव मिळालं तर ते म्यानाबरोबर चिठ्ठीवर लिहून ठेवा. त्या घरातलं कुणी असेल तर त्यांनाही दाखवा, त्यांचा त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे.

मोडकी बंदूक वगैरे निघाली तर मात्र स्वतःच्या डोक्याने काही करू नका. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या हत्याराला कायद्यात सूट आहे, पण ते तसं आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. सरळ पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, त्यामुळे कौतुकाने परदेशी नेण्याचा विचारही नको.

शोले (१९७५) मध्ये गब्बरचा पहिला प्रवेश आठवतो? चेहरा दिसायच्या आधी दगडावरून फरपटत येणारा पट्टा दिसतो. चामड्याचा आवाज आधी, माणूस नंतर. सगळ्या भारताला तो पट्टा पाठ आहे. पण तो कुणी शिवला असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत आपल्याला पडला नाही.

असो. माळ्यावर कधी चढताय ते कळवा, मीही येतो.