१७५ मतांचा एक आमदार

सन २००० मध्ये अमेरिकेत अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते पडली, तरी अध्यक्ष बुश झाले. फ्लोरिडात ते अवघ्या ५३७ मतांनी पुढे होते, आणि तेवढ्यावर त्या राज्याची सर्व २५ निर्वाचक मते त्यांच्या पदरात पडली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याही वाट्याला असाच पराभव आला. ‘ही कसली लोकशाही?’ असे आपण सहज म्हणून जातो. मग आपला राष्ट्रपती कसा निवडला जातो, हेही पाहू.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एकाही सामान्य मतदाराने आजवर राष्ट्रपतिपदासाठी मत दिलेले नाही. अकोल्यापासून कर्जत-जामखेडपर्यंतचे १२ आमदार त्याच्या वतीने मुंबईत विधान भवनात मत देतात. प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५, म्हणजे बारा जणांचे मिळून २१००. नगर आणि शिर्डी येथील खासदारांचे २०२२ च्या निवडणुकीत प्रत्येकी ७००.

या व्यवस्थेच्या शिल्पकारांपैकी काही जण याच जिल्ह्यात कैदेत राहिले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबले गेले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, शंकरराव देव त्यांत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले. पुढे संघराज्याच्या घटनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे तेच अध्यक्ष झाले. जुलै १९४७ मध्ये संविधान सभेत त्यांनी मांडलेला युक्तिवाद सरळ होता: सत्ता मंत्रिमंडळाकडे राहणार असेल, तर राष्ट्रपतीला कोट्यवधींच्या थेट कौलावर निवडणे विसंगत ठरेल. प्रा. के. टी. शहा यांना मात्र प्रौढ मताधिकाराने थेट निवडणूक हवी होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले की, अमेरिकेच्या अध्यक्षाशी आपल्या राष्ट्रपतीचे साम्य केवळ नावापुरते आहे.

निर्वाचक मंडळाची कल्पना मात्र दोन्हीकडे आहे. फरक आहे तो वजनात. अमेरिकेत राज्य केवढेही असो, सिनेटच्या दोन जागांपोटी त्याला दोन निर्वाचक मिळतातच. त्यामुळे सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला ३ निर्वाचक, तर सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला ५४. माणशी हिशेब केला, तर वायोमिंगचा मतदार जवळपास चौपट जड! शिवाय मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जिंकणाऱ्याला सगळे निर्वाचक मिळतात.

आपल्याकडे अनुच्छेद ५५ माणसे मोजतो. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागा, पुन्हा हजाराने भागा, उत्तर १७५. उत्तर प्रदेशात हेच मूल्य २०८, सिक्कीममध्ये ७. राज्याची मते एकगठ्ठा जात नाहीत आणि पक्षादेशही लागू नसतो. २००७ मध्ये भाजपशी युती असूनही शिवसेनेने जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांना मत दिले, ते म्हणूनच शक्य झाले.

याहून चुरशीची निवडणूक १९६९ ची. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिराबाईंचा कल व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे, आणि तिसरे होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. कोणीच तिथे पोहोचले नाही. मग बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्या गेल्या. देशमुखांच्या बहुतेक मतदारांची पुढची पसंती रेड्डी होती, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. पुढच्या पसंतीने निकाल ठरला तो आजवर एवढ्या एकदाच. देशमुख हरले खरे, पण ते उभे नसते तर ही मोजणी झालीच नसती.

आता गोम पाहा. माणसे मोजणारी ही पद्धत १९७१ पाशीच थांबली आहे. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचे नुकसान होऊ नये, म्हणून १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आकडा गोठवला आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने मुदत वाढवली. २०११ च्या लोकसंख्येवर आजच्या आमदारसंख्येने हिशेब केला, तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य ३९० होईल, उत्तर प्रदेशचे ४९६ आणि केरळचे १५२ वरून २३९. आकडे सर्वांचेच वाढतात, पण उत्तर प्रदेशच्या तुलनेत महाराष्ट्र थोडा घसरतो आणि केरळ बराच. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तरी आपल्या बारा आमदारांची मते २१०० च धरली जातील.