देवाचे राज्य

देवाचे राज्य : ख्रिस्ती धर्मातील एक मध्यवर्ती संकल्पना. येशू ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’त देवाच्या राज्याच्या आगमनाची याचना आहे. ही प्रार्थना मत्तय (६:९–१३) व लूक (११:२–४) यांच्या शुभवर्तमानांत आढळते. तिच्यातील ‘बासिलेइया’ या ग्रीक शब्दाने भूप्रदेशापेक्षा राजाची सत्ता अधिक सूचित होते. मत्तय बहुधा ‘स्वर्गाचे राज्य’ असा प्रयोग करतो. देवाच्या नामोच्चाराविषयीच्या ज्यू संकोचाशी अभ्यासक सामान्यतः त्याचा संबंध जोडतात. त्यावरून केवळ मरणोत्तर स्वर्गलोक असा अर्थ घेणे युक्त नाही. कारण मत्तयच्या संहितेतील पुढचीच याचना देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी, अशी आहे.

ज्यूंच्या ‘कद्दीश’ या अरेमाइक प्रार्थनेतही देवाने आपले राज्य लवकर प्रस्थापित करावे, अशी विनवणी आहे. येशूच्या काळी पॅलेस्टाइन रोमन वर्चस्वाखाली असल्याने अशा शब्दांना राजकीय धारही होती. येशूने मात्र हे राज्य मोहरीचा दाणा, खमीर यांसारख्या दृष्टांतांतून विशद केले. ते समीप आले आहे असे सांगत असतानाच, ते यावे अशी प्रार्थना करण्यास त्याने शिकविले. आलेल्या राज्यासाठी प्रार्थना कशाला, हा प्रश्न यातूनच उद्‌भवला व पुढील विवेचन बव्हंशी त्याभोवतीच फिरत राहिले.

‘डिडाकी’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असे सांगितले आहे. टर्टलियनने (सु. १६०–सु. २२५) या याचनेत युगान्ताची उत्कंठा पाहिली, तर ऑरिजेनच्या (सु. १८५–सु. २५४) मते साधकाच्या अंतःकरणात असलेले राज्य परिपूर्ण व्हावे, हा तिचा आशय होय. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या लघुप्रश्नोत्तरीत, देवाचे राज्य आपल्या प्रार्थनेवाचूनही येतेच, परंतु ते आपल्या ठायीही यावे म्हणून ही याचना करावयाची, असा उलगडा केला.

आल्ब्रेख्ट रिचल (१८२२–८९) याने देवाच्या राज्याला नीतिमान मानवसमाजाचे रूप दिले. योहानेस व्हाइस याने १८९२ मध्ये त्यास विरोध करून, हे राज्य मानवी प्रयत्नांनी घडत नसून देवाच्या कृतीने अवतरते, असे प्रतिपादिले. याउलट वॉल्टर राउशेनबुश याने १९१७ मध्ये सामाजिक अन्यायाच्या निवारणाशी त्याची सांगड घातली. सी. एच. डॉड याने १९३५ मध्ये, येशूच्या कार्यात ते प्रत्यक्ष अवतरलेच होते, असे मांडले. महाराष्ट्रात ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला.

या मतभेदांचे मूळ प्रार्थनेच्या स्वरूपातच आहे. तीत राज्य मागितले जाते. ते उभारण्याची प्रतिज्ञा केली जात नाही. त्यामुळे कोणतीही मानवी सत्ता, चर्चसंस्थादेखील, म्हणजेच देवाचे राज्य होय, असे या याचनेच्या आधारे म्हणता येत नाही. त्याचबरोबर, जो ते मागतो त्याला त्याच्या प्रतिकूल अशा व्यवस्थेत निश्चिंत राहता येत नाही. याच प्रार्थनेत क्षमा मागणाऱ्याने इतरांनाही क्षमा करावी, हे गृहीत धरलेले आहे.