मांजराला लस दिल्यावर अंग गरम लागतंय? घरातली तापाची गोळी देऊ नका

भेस्तान (सुरत) : भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात खान्देशातून आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. घरातल्या मांजराला लस देऊन आणलं की संध्याकाळी ते कोपऱ्यात गप्प बसतं, खात नाही, अंगही गरम लागतं. अशा वेळी घाबरून चूक होऊ शकते.

साधारण काय होतं?
सुस्ती, कमी भूक, किंचित ताप, सुई टोचलेल्या जागी दुखणं हे बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतं. मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. त्यामुळे नुसता हात लावून ताप ठरवू नये.

गोळी का नको?
पॅरासिटामॉल मांजरासाठी विषच आहे. ते पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते. रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड सुजतं. अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. चुकून दिली गेलीच, तर त्रास दिसायची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

घरी काय करावं?
पत्र्याखाली उकाडा असेल तर हवेशीर, शांत जागा द्या. पाणी जवळ ठेवा, नेहमीचंच खाणं थोडं थोडं द्या. टोचलेली जागा चोळू नका. मुलांना सारखं उचलू देऊ नका.

डॉक्टरकडे कधी?
लसीनंतर काही मिनिटांत किंवा तासांत तोंड सुजलं, सारख्या उलट्या-जुलाब झाले, धाप लागली तर ताबडतोब. सुस्ती दोन दिवसांनंतरही राहिली किंवा मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तरीही दाखवा. टोचलेल्या जागी गाठ आली आणि ती महिन्यानंतरही वाढत असेल, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा तीन महिने टिकली, तर तपासणी हवीच. पशुसेवेसाठी गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे १९६२ हाच क्रमांक आहे.

हेही लक्षात असू द्या
रेबीजची पहिली लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. त्याला साधारण चार आठवडे लागतात. लस घेतलेलं मांजर चावलं किंवा ओरखडलं, तरी जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. लसीचं कार्ड जपून ठेवा. गावी जाताना ते सोबत असू द्या. पुढच्या डोसची तारीख त्यावरच असते.