कॅनवर बसलेली कोंबडी

अमेरिकेत अंगणातल्या शेगडीवर अख्खी कोंबडी बिअरच्या अर्ध्या भरलेल्या कॅनवर उभी बसवतात, वरून झाकण घालतात आणि सव्वा-दीड तासाने ती तपकिरी, कुरकुरीत होऊन खाली उतरते. तिला ‘बिअर-कॅन चिकन’ म्हणतात. तिच्याविषयी जे छापून येतं त्यात बिअरचंच कौतुक फार. बिअरची वाफ आतून मांस कसं रसाळ ठेवते, बिअर काळी घ्यावी की पिवळी, कॅनमध्ये मसाल्याचा चमचा आधी टाकावा की नंतर. माझा पेशा कॅनचा. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आधी तेलाचे पत्र्याचे डबे आणि नंतर ॲल्युमिनियमचे कॅन यांच्यामागे सगळी नोकरी गेली. त्यामुळे ह्यूस्टनजवळ लेकीच्या घरी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमचे जावई कोंबडीला मसाला चोळत होते आणि मी कॅनचा खांदा न्याहाळत होतो.

हा पदार्थ कुणी काढला, याचं उत्तर मिळत नाही. टेक्सासवाले म्हणतात आमचा, लुईझियानावाले म्हणतात आमचा, आणि दोघांकडेही कागद नाही. पण खापराच्या तुकड्यावरून उत्खननवाले जसा थराचा काळ ठरवतात, तसा या पदार्थाचा काळ त्याच्या सामानावरून ठरवता येतो. सामान तीनच: हलका कॅन, उंच झाकणाची शेगडी आणि स्वस्त कोंबडी. तिन्हींच्या जन्मतारखा ठाऊक आहेत.

कॅनपासून सुरुवात करतो, कारण त्यातलं मला कळतं. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर 1933 मध्ये उठली. (आपल्याकडचा 1949 चा कायदा अजून पुस्तकात आहे आणि प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या कितींना आठवतं कोण जाणे.) बंदी उठल्यावर 24 जानेवारी 1935 ला व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात डब्यातली बिअर पहिल्यांदा विकायला आली. बिअर न्यू जर्सीच्या नेवार्कमधल्या क्रूगर कंपनीची, डबा अमेरिकन कॅन कंपनीचा. अडचणी दोन होत्या. बिअरचा दाब सांध्यांना सोसवला पाहिजे, आणि लोखंडाला लागून बिअर बिघडता कामा नये. दुसऱ्या अडचणीवर त्यांनी आतून पातळ लेप देण्याचा उपाय काढला. तो लेप आजच्या कॅनलाही असतो, रसायन बदललं इतकंच. पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

तो पहिला डबा पत्र्याचा, रिकामाच शंभर ग्रॅमच्या वर भरणारा. वरचं झाकण सपाट. टोकदार उघडणीने दोन भोकं पाडायची आणि प्यायची. 1959 मध्ये कोलोरॅडोच्या कूर्स कंपनीने ॲल्युमिनियमचा कॅन काढला. त्याच वर्षी ओहायोतले एर्मल फ्रेझ सहलीला गेले, उघडणी घरी विसरले आणि मोटारीच्या बंपरवर डबे फोडत बसले. घरी येऊन ते या दुखण्यामागे लागले, आणि 1962 मध्ये पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बिअरच्या कॅनवर ओढून काढायची कडी आली. लोक कड्या ओढत आणि तिथेच फेकत. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय कापायला लागले. 1975 मध्ये रेनॉल्ड्स कंपनीतल्या डॅनियल कझिक यांची, उघडल्यावरही कॅनलाच चिकटून राहणारी कडी बाजारात आली. आपण आज तीच उचलतो.

यापुढचा बदल गिऱ्हाइकाला दिसतही नाही, पण कोंबडीच्या दृष्टीने सर्वांत मोठा तोच. कॅनचं अंग अगदी पातळ असतं. जाड आणि महाग धातू झाकणात असतो. म्हणून कारखान्यांनी झाकणाचा व्यास कमी करत नेला, आणि त्यासाठी कॅनची मान आत वळवावी लागली. जुना डबा वरपासून खालपर्यंत सरळ नळकांडं होता. नव्या कॅनला उतरता खांदा आला. पैसे वाचवायला केलेल्या या खांद्यामुळे कॅन कोंबडीच्या पोटात कातडी न फाटता सरकतो. अंगाचा व्यास 66 मिलिमीटर, अमेरिकन कॅनची उंची साधारण 12 सेंटिमीटर. पावणेदोन किलोच्या कोंबडीच्या पोटाचं माप कुणी मुद्दाम घेतलं असतं तरी याहून बरं जमलं नसतं. ताकदीचं म्हणाल, तर कुठेही चेपलेला नसलेला रिकामा कॅन जमिनीवर सरळ ठेवून त्यावर माणूस अलगद उभा राहू शकतो. नव्या कामगारांना आम्ही हे करून दाखवायचो. कोंबडीचं वजन ते काय!

आता शेगडी. 1952 मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करायचे. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनत. त्या काळची अंगणातली शेगडी उघडी, परातीसारखी. वारा आला की राख ताटात आणि पाऊस आला की पाणी. स्टीफन यांनी बोयाचा खालचा अर्धगोल भांडं म्हणून घेतला, वरचा झाकण म्हणून, आणि हवेसाठी भोकं पाडली. शेजाऱ्यांनी थट्टा केली म्हणतात. पण उघड्या शेगडीवर फक्त चपटं मांस भाजता येत होतं. घुमटाकार झाकण आल्यावर तिची भट्टी झाली. निखारे दोन कडांना सारायचे, मधे चरबी गळायला पत्र्याचं ताट ठेवायचं, आणि त्यावर उंच काहीतरी उभं करायचं, हे त्या झाकणाखालीच जमतं. कोळशाच्या वड्या तर आधीपासून होत्याच. हेन्री फोर्ड यांच्या मोटारींना लागणाऱ्या लाकडाच्या कचऱ्यातून 1920 च्या दशकातच त्यांचा धंदा उभा राहिला होता.

तिसरं सामान कोंबडी, आणि तिची गोष्ट आपल्याही दारापर्यंत येते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कोंबडी म्हणजे अंड्यांच्या धंद्याची उरलेली बाजू. मांस म्हणून ती महाग होती आणि रविवारच्या जेवणातच दिसे. 1923 मध्ये डेलावेअरमधल्या ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी 50 पिल्लं मागवली आणि चुकून 500 आली. त्यांनी ती परत न करता वाढवली आणि मांसासाठी विकली. पैसा इतका झाला की पुढच्या वर्षी त्यांनी दुप्पट मागवली. दुसऱ्या महायुद्धानंतर ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने ‘उद्याची कोंबडी’ अशी स्पर्धा लावली: छाती रुंद हवी, वाढ जलद हवी. 1948 ची अंतिम फेरी कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकरित कोंबडीने जिंकली. त्यांचं नाव पुढे कॉब या कंपनीच्या नावाला जोडलं गेलं, आणि त्याच कॉबच्या जातीवरून पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने ‘वेनकॉब’ ब्रॉयलर आपल्याकडे आणला. पनवेलच्या मटण-मार्केटात पिंजऱ्यातून मान बाहेर काढणारी पांढरी कोंबडी आणि जावयांच्या शेगडीवरची कोंबडी या नात्यातल्याच. गावठी कोंबडी या कामाची नाही. तिची छाती बोटभर, पाय लांब आणि मांस चिवट. ती रश्श्यातच शोभते.

म्हणजे तिन्ही वस्तू एकाच अंगणात यायला 1960 चं दशक उजाडलं, आणि खांदा उतरलेला कॅन सर्रास व्हायला आणखी दहा-पंधरा वर्षं. म्हणून कुणी अमेरिकन आपल्या पणजीची कृती म्हणून हा पदार्थ सांगू लागला, तर मी नुसती मान हलवतो.

या पदार्थाला नाव मिळवून दिलं ते टेनेसीतल्या मेम्फिसने. मिसिसिपी नदीकाठच्या या शहरात 1978 पासून मे महिन्यात बार्बेक्यूची स्पर्धा भरते. स्पर्धा डुकराच्या मांसाची: अख्खं डुक्कर, खांदा, बरगड्या. ते मांस मंद धुरावर रात्रभर भाजावं लागतं, तोवर जागायचं आणि प्यायचं. मुख्य काम परीक्षकांसाठी. स्वतःच्या पोटासाठी कुणीतरी बाजूला कोंबडी लावतो, आणि रिकामे-अर्धे कॅन तर पायाशी पडलेलेच असतात. 1996 मध्ये तिथे स्टीव्हन राइक्लन यांनी ही कोंबडी पाहिली. हे गृहस्थ शिकले फ्रेंच साहित्य, मग युरोपातल्या मध्ययुगीन स्वयंपाकाच्या अभ्यासाला गेले आणि शेवटी निखाऱ्यांवर येऊन स्थिरावले. त्यांनी 2002 मध्ये या एका कोंबडीच्या नावाचं पुस्तकच काढलं. अंगणांबाहेर आणि स्पर्धांबाहेर न गेलेली गोष्ट एकदा पुस्तकात आणि दूरचित्रवाणीवर आली की ती परंपरा होते. पाठोपाठ कॅन अडकवायच्या तारेच्या बैठकी दुकानांत आल्या, आणि नंतर कॅनच नको म्हणणारे पोलादी स्टँडही आले.

आता बिअरचा हिशोब. कोंबडी शिजली असं आपण मांसाचं तापमान 74 अंश सेल्सियसला पोचल्यावर म्हणतो. कॅनच्या चारही बाजूंना तेच थंडगार मांस लपेटलेलं असतं आणि खाली निखारे नसतात. पाणी उकळायला 100 अंश लागतात. मांस 74 वर असताना त्याच्या पोटातली बिअर उकळणार कशी? अमेरिकेतले बार्बेक्यू-लेखक मीटहेड गोल्डविन यांनी हाच मुद्दा मांडून या पदार्थाची जाहीर चिरफाड केली, तेव्हा बरेच लोक दुखावले. मी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर कॅन आधी आणि नंतर तोलून पाहिला. वजन जवळपास तेवढंच. शिवाय नंतरच्या वजनात कोंबडीची गळलेली चरबीही होती. जावई म्हणाले, “बाबा, पण वास तर येतो ना बिअरचा!” येतो. कॅन उघडाच आहे, शिवाय उरलेली अर्धी बिअर त्यांच्या हातात होती.

मग कोंबडी चांगली का होते? ती उभी असते म्हणून. सगळीकडची कातडी एकाच वेळी गरम हवेला लागते, उलटावं लागत नाही, चरबी खाली निथळते, आणि पाय, ज्यांना जास्त आच लागते, ते निखाऱ्यांजवळ असतात. बिअरचं काम इतकंच की दोन तंगड्या आणि कॅन अशा तिपाईत खाली वजन ठेवायचं. तेरा-चौदा ग्रॅमचा रिकामा कॅन कलंडतो. अर्धा भरलेला कलंडत नाही. हे काम नळाचं पाणीही करतं.

बाहेरून भाजायचं आणि आतून वाफवायचं, ही कल्पना मात्र खोटी नाही. बीजिंगच्या छ्वानज्युदे या खानावळीत, जी 1864 पासून आहे, बदक भट्टीत टांगण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरून मागचं तोंड ज्वारीच्या ताटाच्या तुकड्याने बंद करतात. ते पाणी उकळतं ओततात. सगळा फरक तिथे आहे. आणि आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात तेव्हा वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात कोंबून, तोंड पाल्याने दाबून, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. वाफ शेंगांची आणि पाल्याची, आणि तिला बाहेर जायला वाट नाही. वाफेवरची कोंबडी म्हणाल तर ती ही.

राहिला तो लेप. कॅनच्या आतलं आवरण आणि बाहेरची शाई थंड पेय ठेवण्यासाठी बनवतात. त्यांना तासभर भट्टीत ठेवून त्यांच्याशेजारी मांस शिजवावं, असं आमच्या धंद्यात कुणी कधी योजलं नव्हतं. मला ते पटत नाही. जावयांना मी पोलादी स्टँड घेऊन दिला. ते वापरतात, पण पाहुणे आले की कॅनच काढतात, कारण स्टँडकडे बघून कुणी हसत नाही.

पनवेल-पुण्यात कुणाला गच्चीवर करून पाहायचं असेल, तर 500 मिलीचा कॅन घेऊ नका. त्याची जाडी तीच असली तरी उंची जवळपास 17 सेंटिमीटर आहे. आपल्याकडची सव्वा-दीड किलोची कोंबडी त्यावर लोंबकळते आणि तिचे पाय टेकत नाहीत. 330 चा चालेल. स्टँड मिळाला तर उत्तमच. खाटकाला कोंबडी कातडीसकट, न तोडता द्यायला सांगा. ते दोनदा सांगावं लागतं, कारण त्याचा हात सवयीने सुरीकडे जातो. मीठ आदल्या रात्रीच चोळा. कॅनमध्ये पाणी घाला, तेही कढत, आणि बिअर ग्लासात ओता. मांडीच्या जाड भागात तापमापीचा काटा 74 च्या पुढे गेला की कोंबडी चिमट्याने कॅनसकट उचला, दहा मिनिटं तशीच राहू द्या, आणि मगच दोघांनी मिळून ती वर ओढून काढा. आत पाणी आणि चरबी दोन्ही असतात, आणि हात पोळतो तो तेव्हाच.