चाकांआधीची सेडान

'सेडान' जन्मली तेव्हा तिला चाकं नव्हती. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये 'सेडान चेअर' म्हणजे दार-खिडक्यांची एक उभी पेटी, आत एकच खुर्ची आणि पुढे-मागे दांडे धरून ती उचलणारी दोन माणसं. १६३४ मध्ये सर सॉन्डर्स डन्कम नावाच्या गृहस्थाने ती भाड्याने फिरवायचा मक्ता राजाकडून मिळवला. मोटारीला हे नाव चिकटलं ते पुढे पावणेतीनशे वर्षांनी, १९१२ च्या सुमारास, अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीमुळे. फ्रान्समधल्या सेदाँ गावावरून शब्द आला असं पुष्कळजण सांगतात, पण त्याला पुरावा तोकडा आहे. 'बसणे' या अर्थाच्या लॅटिन 'सेदेरे'कडे बोट दाखवणारे अधिक पटतात. त्यांचं मानलं तर सेडान आपल्या 'सद्' धातूच्या नात्यात येते आणि सदन, संसद, परिषद, उपनिषद ही तिची भावंडं ठरतात. उपनिषद म्हणजे गुरूजवळ खाली बसणं. सेडानमध्ये मात्र मागे बसतात, आणि गुरू असलाच तर तो गाडी चालवत असतो.

आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आहे. संस्कृत 'पर्यंक'चं प्राकृतात 'पल्लंक' झालं, त्यातून मराठीत एकीकडे पलंग आला आणि दुसरीकडे पालखी. एक घरात निजायला, दुसरी रस्त्याने मिरवायला. पोर्तुगीजांनी हाच शब्द उचलून युरोपात नेला आणि इंग्रजीत त्याचं 'पॅलेंक्विन' झालं. मेण्याची कथा जास्त मजेची. मेणाशी त्याचा काही संबंध नाही. फारसी 'मियाना' म्हणजे मधला, मध्यम आकाराचा. मोठी पालखी आणि साधी डोली यांच्या मधला तो म्याना, आपल्या तोंडात मेणा. शोरूममधला विक्रेता आज ज्याला 'मिड-साइज सेगमेंट' म्हणतो, तो विभाग आपल्या पूर्वजांनी नावासकट पाडून ठेवला होता. पुढे मेणा राजस्त्रियांचा झाला आणि त्यातला मध्यमपणा सगळे विसरले.

पालखी आली की भोई आला. खानदेशातल्या प्रकाशा गावी तापी आणि गोमाईच्या संगमावर केदारेश्वराच्या घाटाशी उभं राहिलं, की हा शब्द पाण्यात पाय सोडून बसलेला दिसतो. इकडे भोई म्हणजे मासेमारी करणारा, नाव हाकणारा. देशावरच्या जुन्या कागदांत भोई म्हणजे पालखी वाहणारा. काम एकच: दुसऱ्याला पाय न भिजवता, न मळवता पलीकडे पोचवणं. तेलुगूत याचंच 'बोयी' आहे. मद्रासकडच्या इंग्रजांनी ते ऐकलं आणि आपल्या 'बॉय'मध्ये मिसळून टाकलं. 'पालखीचे भोई' हा मराठी वाक्प्रचार आपण राजकारणात फार वापरतो, मोटारीच्या संदर्भात कधीच नाही. खरं तर तिथे तो चपखल बसेल. 'शोफर' हा फ्रेंच शब्द मूळचा भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचा, म्हणजे तोही दुसऱ्याच्या प्रवासासाठी घाम गाळणाराच.

हे सगळं मनात असलं की मोठ्या सेडानांची तुलना वेगळी दिसू लागते. जर्मनीतले तीन प्रतिस्पर्धी ठरलेले आहेत: मर्सिडीजची एस-क्लास, बीएमडब्ल्यूची ७ सिरीज आणि ऑडीची ए८. ही नावं अनुक्रमे १९७२, १९७७ आणि १९९४ ची. 'एस' म्हणजे 'झोंडर', खास. उरलेल्या दोघांनी विशेषण न लावता अंकावर भागवलं. सात आणि आठ, की झालं. कंपन्यांची नावं त्याहून गोड. मर्सिडीज हे एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव, स्पॅनिशमधला अर्थ दया, कृपा. आउगुस्ट होर्खला स्वतःच्या जुन्या कंपनीने त्याचंच आडनाव वापरू दिलं नाही. 'होर्ख' म्हणजे 'ऐक', म्हणून त्याने त्याचं लॅटिन करून घेतलं आणि १९१० पासून गाडी 'ऑडी' झाली. बीएमडब्ल्यूने सरळ 'बव्हेरियन मोटार कारखाना' असं लिहिलं. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या पाट्यांना शोभेल असं हे नाव.

गाड्यांची मासिकं इंजिनाचे आकडे छापतात, पण अशी गाडी घेणारा बहुधा मागच्या सीटवर बसून ठरवतो. पाय किती पसरतात, पाठ किती कलते, पुढची सीट किती सरकते. आत्ताच्या ७ सिरीजमध्ये मागच्यासाठी छतातून ३१.३ इंची पडदा उतरतो. ए८ भारतात आली ती 'ए८ एल', 'एल' म्हणजे लांब. म्हणजे तुलना अजूनही पालखीचीच चालली आहे, गादी आणि दांडीची. अर्थात आपल्याकडे तुलनेचा प्रश्न मोडीत काढायची युक्तीही आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. मग शेजाऱ्याची गाडी सरस की आपली, हा वादच उरला नाही.

अशा गाडीला कंपनीची 'फ्लॅगशिप' म्हणतात, आणि मराठी वर्तमानपत्रं कधीकधी 'ध्वजनौका' लिहितात. शब्द बरोबर आहे, पण पाण्याशिवाय तडफडतो. तापीत ध्वजनौका कोणी पाहिली? मराठ्यांच्या फौजेत जरीपटका हत्तीवर चाले. 'निशाणाची गाडी' म्हटलं तर प्रकाशापासून पन्हाळ्यापर्यंत कुणालाही कळेल. तसं म्हणायची सुरुवात मात्र कोणी करणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

खानदेशात तुलनेची खरी भाषा सापडते ती प्रकाशाच्या वरच्या अंगाला, तापीकाठच्याच सारंगखेड्यात. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. तिथे कोणी 'चांगला घोडा' म्हणत नाही. पंचकल्याणी म्हणतात, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं. अबलख म्हणतात, अरबी 'अब्लक'वरून, दुरंगी. नुकरा म्हणतात, तोही अरबी, अर्थ चांदी. मोटारीच्या रंगपत्रकातला 'सिल्व्हर' तापीकाठी असा आधीच येऊन बसला आहे. मारवाडी की काठेवाडी, चाल कशी, खोड काय, कान कसे मिळतात, हे सगळं बोलून मग किंमत. गाडीचं नुसतं मायलेज विचारणाऱ्याला हे ऐकवायला हवं.

मोटारीनेही घोडा सोडलेला नाही. जेम्स वॅटने 'हॉर्सपॉवर' ठरवली ती वाफेचं इंजिन घोड्याशी तोलून विकता यावं म्हणून. पण जर्मनांचा घोडा वेगळा. इंग्रजी घोडा सुमारे ७४६ वॅटचा, जर्मन 'पीएस' सुमारे ७३५ वॅटचा. १९०१ ची पहिली मर्सिडीज ३५ जर्मन घोड्यांची होती. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून आकडे ताडणाऱ्याने आधी घोड्याचा देश विचारावा. सारंगखेड्यात तर तो पहिलाच प्रश्न असतो.

बाकीचे अवयवही घोडागाडीचे. डॅशबोर्ड म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी. आता तिच्यावर काचेचे पडदे लावून चिखलाची आठवण पुसली आहे. डिकी हे पूर्वी गाडीच्या मागच्या उघड्या बैठकीचं नाव होतं. इंग्रजांनी पुढे सामानाच्या जागेला 'बूट' म्हटलं, आपण मात्र डिकी जपली. 'सलून'चं उलट झालं. इंग्लंडात सेडानला सलूनच म्हणतात, पण आपल्याकडे तो शब्द न्हाव्याने आधीच घेऊन टाकला होता, आणि बरं झालं.

स्टेपनी तर वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटची. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं. आता ऐनवेळी कुणाच्या जागी उभं राहणाऱ्या माणसालाही आपण स्टेपनी म्हणतो. या मोठ्या सेडानांपैकी कित्येकांत ती नसतेच. डिकी उघडून विक्रेत्याला विचारावं, तर तो उत्साहाने हवेचा छोटा पंप आणि भोक बुजवायच्या डिंकाची बाटली दाखवतो.