पाट की घमेली? चेतापेशीच्या शोधाची हकीगत

श्रोतेहो, बांधावरून अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा रुततो. 'आई गं' म्हणायच्या आतच पाय वर उचललेला असतो! ही वर्दी कोणी नेली? पाय उचलण्याचा हुकूम कोणी सोडला? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावरून दोन थोर शास्त्रज्ञांचे शेवटपर्यंत पटले नाही. त्यांची हकीगत आज सांगायची आहे.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक यंत्रातून शरीराच्या निरनिराळ्या भागांतल्या पेशी दिसू लागल्या होत्या. मेंदूचे कोडे मात्र सुटेना. तिथे तंतूंचा इतका गुंता, की एक पेशी कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते, हेच कळू नये. तेव्हा पुष्कळ विद्वानांचे मत पडले, की मेंदू म्हणजे एकसंध जाळे आहे. मळ्यातले पाट एकमेकांना मिळालेले असतात, एका तोंडाशी सोडलेले पाणी सगळीकडे खेळते, तसेच हे.

इटलीत मिलान शहराजवळ आब्बियातेग्रासो नावाचे लहानसे गाव आहे. तिथे असाध्य रोग्यांच्या इस्पितळात कामिल्लो गॉल्जी हे डॉक्टर होते. प्रयोगशाळा कुठली असणार? एका स्वयंपाकघरातच त्यांनी आपली मांडामांड केली. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा, ही रीत त्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केली. गंमत अशी, की हिने सगळ्या पेशी रंगत नाहीत. थोड्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या पिवळसर कागदावर शाईने काढाव्यात तशा काळ्याभोर दिसतात. दाट रानातली चार झाडेच मुळापासून शेंड्यापर्यंत उठून दिसावीत, तशी ही किमया होती. तरीही गॉल्जींना त्यात दिसले ते जाळेच.

आता स्पेनमध्ये चला. तिथे १८५२ साली सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. मुलाला चित्रकार व्हायचे होते आणि डॉक्टर असलेल्या बापाला त्याला डॉक्टर करायचे होते. पोरगा ऐकेना, तेव्हा बापाने त्याला काही दिवस चांभाराच्या हाताखाली ठेवले! पुढे तो डॉक्टर झाला, पण हातातली पेन्सिल सुटली नाही. १८८७ साली माद्रिद शहरात काहाल यांनी गॉल्जींच्या रीतीने रंगवलेली काचपट्टी पाहिली आणि ते थक्क झाले. त्यांनी एक युक्ती योजली. वाढलेले रान पाहून उलगडा होत नसेल, तर रोपवाटिका पाहावी! पक्ष्यांची पिल्ले आणि अंड्यातले गर्भ यांचे मेंदू त्यांनी तपासले, तासन्‌तास चित्रे काढली आणि १८८८ साली स्वतः काढलेल्या नियतकालिकात निष्कर्ष छापला. चेतापेशी सुट्या असतात. एकीचा तंतू दुसरीला येऊन भिडतो, पण तिच्यात विरघळत नाही. म्हणजे हे पाटाचे पाणी नव्हे. ही रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी हातोहात पुढे दिलेली घमेली आहेत! पुढे १८९१ साली जर्मन पंडित वाल्डेयर यांनी या पेशीला 'न्यूरॉन' हे नाव रूढ केले.

या पेशीचे रूप असे. मध्ये पेशीचे शरीर, त्याला निरोप घेणाऱ्या आखूड फांद्या आणि निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू. असे असंख्य तंतू दोरखंडासारखे एकत्र बांधले, की त्याला आपण मज्जातंतू म्हणतो. आता तो काटा आठवा. वर्दी नेणाऱ्या पेशीचे शरीर पाठीच्या कण्यालगतच्या गाठीत असते. तिचा तंतू थेट पायाच्या बोटापर्यंत, मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर लांब पोचतो. वर्दी मज्जारज्जूत आली, की तिथल्या पेशी ती हातोहात स्नायूंकडे जाणाऱ्या पेशींना देतात आणि पाय उचलला जातो. मेंदूला कळ समजते ती त्यानंतर.

१९०६ साली नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल या दोघांना मिळून देण्यात आले. स्टॉकहोमच्या व्याख्यानात गॉल्जींनी सुट्या पेशींच्या मताचेच खंडन केले! काहाल यांनी आपल्या व्याख्यानात आपली बाजू मांडली. निवाडा लागला तो १९५०च्या दशकात, तेव्हा दोघेही हयात नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोन पेशींमधली फट दिसली. ती मिलिमीटरच्या सुमारे ५०,०००व्या भागाएवढी! तंतूतून विजेच्या रूपाने आलेला निरोप बहुतेक ठिकाणी रासायनिक द्रव्याच्या रूपाने ही फट ओलांडतो. काही पेशी थेट जोडलेल्याही सापडल्या आहेत. पण मुख्य गोष्ट काहाल यांचीच खरी ठरली.

गुरुजींनो, यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. रीत गॉल्जींची, डोळा काहाल यांचा. साधन हाती आले तरी आधीचे मत बाजूला ठेवून पाहावे लागते. मुलांना नुसते 'पाहा' म्हणू नका, पाहिलेले काढायला सांगा. आणि दुसरी. पेशी सुट्या आहेत, म्हणूनच त्यांच्यातले सांधे सरावाने बळकट होऊ शकतात, नवेही जुळू शकतात. रोज पाढे म्हणणारे पोर नुसते घोकत नसते. त्याच्या डोक्यात घमेली देणाऱ्या हातांची ओळख पक्की होत असते. म्हणून आज ज्याला येत नाही, त्याला कधीच येणार नाही, असे म्हणण्याची घाई आपण करू नये.